हजार चंद्र पाहिलेल्या आजी

मंडळाची कोजागिरी म्हटली की सगळ्यांना आधी मसाला दूध आठवतं. पण त्या रात्रीचा मान असायचा आजींचा. वर्षभरात ज्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्यांना गच्चीवर सगळ्यांनी मिळून ओवाळायचं, ही मंडळाची रीत.

तयारी तारखेपासून सुरू व्हायची. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना जवळपास 80 वर्षं 10 महिने. हिशेब सोपा, जन्मतारीख अवघड. दाखल्यावर कितीतरी जणींची 1 जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. मग विचारपूस चालायची. 1948 साली गांधीजी गेले तेव्हा केवढ्या होत्या? पाठचं भावंड किती वर्षांनी झालं? लग्नातल्या पितळी भांड्यांनी तर कितीदा वाद मिटवले. आहेराच्या पातेल्यावर ठोक्यांनी नाव आणि तारीख घातलेली असायची. चिंच लावून घासलं की पुसट आकडेही वाचता येत. लग्नाची तारीख हाती आली, की तेव्हा आपण कितव्या वर्षात होतो ते आजी बरोबर सांगत.

ओवाळायला कणकेचे 81 दिवे. त्यांना सव्वा किलो कणीक लागते, चिमूटभर हळद घालून पुरीपेक्षा घट्ट भिजवलेली. सैल झाली तर दिवा वाफेवर बसतो आणि तूप बाहेर येतं. बारा-पंधरा मिनिटं उकडून पूर्ण गार होऊ द्यायचे, मगच तुपात भिजवलेली फुलवात. परातीत दोन दिव्यांमध्ये दोन बोटं जागा हवीच. जवळ ठेवले तर ज्योती एकमेकींना भिडतात आणि तूप तापून भडका उडतो. म्हणून परात चौरंगावर, आजींपासून हातभर लांब, वाऱ्याच्या बाजूला आडोसा. हातातल्या तबकात फक्त पाच निरांजनं आणि ओवाळणारीचा पदर खोचलेला.

ओवाळायला लेकी, सुना, नाती, शेजारणी, सगळ्या. बहुतेक आजींचे यजमान हयात नसायचे. तरी कुंकू लावताना कुणालाही वगळायचं नाही, असं मंडळाने ठरवलं आणि पाळलं. त्या रात्रीची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. कुंकवाचं बोट कपाळाला लागताना कित्येक आजींचा हात नकळत पदराकडे जायचा, डोक्यावर घ्यायला.

दुधाचं काम तसं ठरलेलं. शंभर माणसांना बारा लिटर, जाड बुडाच्या पातेल्यात दहा लिटरपर्यंत आटवायचं, उलथनं बुडाला टेकवून सतत हलवत. साखर लिटरला शंभर ग्रॅम, तीही शेवटी; आधी घातली तर दूध बुडाला लागतं. दूध तीन-चार ठिकाणांहून आलेलं असेल तर प्रत्येकातलं वाटीभर आधी वेगळं उकळून पाहायचं, कारण एक पिशवी नासकी निघाली तर सगळं पातेलं फाटतं. चारोळी चावून बघायची, खवट लागली तर घालायचीच नाही.

खरी मेहनत होती ती आजींचं आयुष्य सांगण्याची. माईक हातात देऊन ‘दोन शब्द बोला’ म्हटलं की आजी गप्प होतात. म्हणून पंधरा दिवस आधी नातवंडांनी दुपारच्या चहानंतर त्यांच्याजवळ बसायचं, एका बैठकीत अर्धा-पाऊण तास, आणि हाताशी काहीतरी वस्तू ठेवायची: जातं, पाटल्या, जुना फोटो. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ यावर ‘बरं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. ‘पाणी कुठून आणायचात? घागरी किती?’ असं विचारलं की विहीर, रहाट, वाटेवरची घरं, जावा-नणंदा सगळं बाहेर येतं. आणि जात्याला हात लागला की ओवी येतेच. ती लिहून घेत बसायचं नाही, आवाज ध्वनिमुद्रित करायचा, कारण मध्येच थांबवलं की पुढची ओळ हरवते.

कार्यक्रमात हे टिपण नातवाने किंवा नातीने वाचायचं, सात-आठ मिनिटांत. चुकलं की आजी खुर्चीतूनच दुरुस्त करत, ‘अरे, गाय नव्हे, म्हैस होती ती!’ ती दुरुस्ती त्याच रात्री वहीत शाईने नोंदवली जाई. पुढे आजी गेल्यावर घरची माणसं वर्षश्राद्धाच्या आधी त्या पानांची प्रत न्यायला येत, आणि पहिल्यांदा शोधत ते समासातले हेच शब्द.