परभणीहून जोडीनं सुटलेल्या गाड्या

आमच्याकडे ‘गाडी क्रॉसिंगला पडली’ हे वाक्य शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. मनमाड ते परभणी म्हणजे बहुतेक एकेरी लाइनीचा मुलूख. समोरून गाडी येणार असली की दोघींपैकी एकीनं स्टेशनात बाजूच्या रुळावर उभं राहायचं. लोक खाली उतरतात, तंबाखू मळतात, इंजिनापाशी येऊन विचारतात, “काय ओ पायलट, अजून कितीक वेळ?” त्यांना वाटतं, आम्हाला सगळं ठाऊक असतं. आम्हालाही त्यांच्याइतकाच तो लाल सिग्नल दिसत असतो.

त्यामुळं दोन गाड्या शेजारीशेजारी, एकाच दिशेनं पळताहेत, हे मुंबईच्या लोकलवाल्याला रोजचं असेल, आम्हाला नाही. परभणी–मुदखेड दुहेरी झालं खरं, पण दुहेरी लाइनीवर एक अप आणि एक डाउन, म्हणजे गाड्या भेटतात त्या समोरासमोरून. दोन्ही ताशी ९० नं असल्या तर सेकंदाला ५० मीटर. २० डब्यांची गाडी नऊएक सेकंदांत संपते. कानात आवाज भरतो, डोळ्यांपुढून निळा पट्टा जातो, बस. त्यात गाडी बघितली असं म्हणवत नाही.

जोडीनं धावायचं तर जंक्शनच पाहिजे, आणि नशीबही. परभणीत पूर्णेकडून आलेली लाइन पुढं दोन वाटांनी जाते: एक जालन्यावरून मनमाडला, दुसरी परळीला. दोन्ही वाटा स्टेशनाच्या एकाच टोकातून निघतात. म्हणून तर मनमाडकडून येऊन परळीला जाणाऱ्या गाडीचं इंजिन परभणीत काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं आणि खिडकीत बसलेला माणूस ‘गाडी परत चालली का काय’ म्हणून घाबरतो. यार्ड सुटल्यावर थोडं अंतर हे दोन्ही रूळ शेजारून जातात. फार लांब नाही, पण जातात.

मी तेव्हा असिस्टंट लोको पायलट होतो. लाइनीवर विजेच्या तारा यायच्या आधीची, डिझेलच्या दिवसांतली गोष्ट. माझे पायलट वयानं बरेच मोठे, निवृत्तीला आलेले. सगळी लॉबी, म्हणजे आम्ही ड्युटीची हजेरी लावतो ते ऑफिस, त्यांना मामाच म्हणायची. एक्स्प्रेस मनमाडकडं न्यायची होती. इंजिन डब्ल्यूडीएम-३डी, ३३०० अश्वशक्तीचं, अल्को या जुन्या अमेरिकी बनावटीच्या घराण्यातलं, सुटताना भकभक काळा धूर सोडणारं. पलीकडच्या रुळावर परळीची कोळशाची मालगाडी उभी. परळीच्या औष्णिक वीज केंद्राला कोळसा रेल्वेनंच जातो, त्यामुळं अशा गाड्या काही नवलाच्या नाहीत. तिच्या तोंडाला ४००० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीजी-४ इंजिन. ते भकभकत नाही, एकसुरी घुमतं. मे महिना, दुपार, परभणीचं ऊन. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यानं मे महिन्यात इंजिनाच्या केबिनमध्ये बसून बघावं.

मालगाडीचा सिग्नल आधी पडला, म्हणजे हिरवा झाला. ती हलली, वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, कपलिंगा ताणल्याचा आवाज पुढून मागं गेला. मामा म्हणाले, “आता ही जाऊ दे, मग आपलं.” पण ती निम्मीअधिक गेली असेल तोवर आमचाही स्टार्टर, म्हणजे स्टेशन सोडायचा सिग्नल, हिरवा झाला. मी सिग्नल पुकारला, मामांनी दुजोरा दिला, हॉर्न दिला आणि आम्ही निघालो.

इथं थोडं यंत्रणेचं सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं, स्टेशन मास्तरच्या मर्जीवर दोन गाड्या एकदम सोडता येतात. तसं नसतं. मास्तरच्या बटणांच्या पॅनेलवर एका गाडीचा मार्ग लावला की त्या मार्गातले सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ, जागच्या जागी जखडले जातात. दुसऱ्या गाडीचा मार्ग पहिलीला कुठं छेदत असेल, तर मास्तरनं कितीही बटणं दाबली तरी तिचा सिग्नल पडत नाही. मार्ग एकमेकांना शिवत नसतील, आणि पुढच्या स्टेशनापर्यंतच्या दोन्ही सेक्शनची लाइन क्लिअर, म्हणजे वाट मोकळी असल्याची परवानगी, वेगवेगळी मिळालेली असेल, तरच दोन्ही हिरवे. हे सगळं नेमकं एकाच वेळी जुळून येतं कुठं!

मालगाडी जड. एकेका भरलेल्या वाघिणीचं वजन ८० टनांच्या घरात, आणि मागं अशा ५८. ती वेग घेते ती आपल्या चालीनं. आमचे डबे हलके, तरी सांध्यांवरून जाताना वेग बांधलेला. शेवटचा डबा सांधे ओलांडून गेल्यावर मामांनी थ्रॉटल वाढवला. त्यांच्या खिडकीतून, डाव्या अंगाला, मालगाडीची ब्रेकव्हॅन, म्हणजे शेवटचा गार्डचा डबा, दिसायला लागली. व्हरांड्यात गार्ड हिरवी झेंडी घेऊन उभा. (तेव्हा गार्डच म्हणत, २०२२ पासून ते ट्रेन मॅनेजर झाले.) त्यानं झेंडी दाखवली, मामांनी हात हलवला.

“ए, इकडं ये,” मामा म्हणाले. “माझ्या मागं उभा राहा. सिग्नल मी बघतो, तू गाडी बघ.”

मी गेलो. आणि मग ते सुरू झालं. आमचा वेग तिच्यापेक्षा अगदी थोडा जास्त. खाली खडी, स्लीपर, काळी नांगरलेली रानं सगळं मागं पळतंय, आणि हाताच्या अंतरावर एक वाघीण जवळजवळ जागेवर उभी. तिच्यावर खडूनं लिहिलेले आकडे वाचता येत होते. चाकांच्या धुऱ्याच्या (आसाच्या) टोकाच्या टोपणावरचे तीन बोल्ट गरगर फिरत होते, नजर धरली तर एकेक वेगळा दिसत होता. स्प्रिंगा दबत होत्या, उठत होत्या. वरून कोळशाची भुकटी उडत होती. मग ती वाघीण हळूच मागं सरकायची आणि पुढची यायची. आमच्या डब्यांतून पोरांचा आरडाओरडा सुरू झाला. त्यांना ही शर्यत वाटत होती. वाटू दे. शंकरपट नाही हा; इथं वेग ठरवतो तो सेक्शन, लोड आणि चढ. तरीही खोटं कशाला बोलू, माझ्याही छातीत धडधडत होतं.

आधी वास आला. चाकावर दाबून बसणाऱ्या ब्रेक ब्लॉकच्या जळण्याचा उग्र वास, एकदा नाकात बसला की विसरत नाही. पहिली शंका आपल्याच गाडीची. पण वारा डावीकडून येत होता. मी बघत राहिलो. दोन-तीन वाघिणी मागं गेल्या आणि मग दिसलं: एका वाघिणीच्या ट्रॉलीतून, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यातून, निळसर धूर, चाकाला ब्लॉक चिकटून बसलेला. भर उन्हात ठिणग्या नीट दिसत नाहीत, पण ब्लॉकच्या खालच्या कडेला बारीक लालसर चमक होती. बेअरिंग तापलं असतं तर धूर धुऱ्याच्या टोकाशी असता आणि वास जळक्या ग्रीसचा. हे ब्रेक बाइंडिंग. बाकी सगळ्या वाघिणींचे ब्रेक सुटले, हिचे सुटलेच नव्हते. चाक असंच रगडत गेलं तर तापतं, तडकू शकतं. वर कोळसा भरलेला, आणि रुळाकडेला मे महिन्यातलं वाळलं गवत.

“मामा, ब्रेक बाइंडिंग. धूर आहे.”

त्यांनी मान वळवली नाही. नजर समोर, हात वॉकी-टॉकीवर. “परळी साइड मालगाडी, परळी साइड मालगाडी. शेजारून एक्स्प्रेस बोलतोय.”

“बोला मामा.” आवाजावरून ओळखलं त्यानं.

“तुमच्या गाडीला ब्रेक बाइंडिंग आहे. धूर निघतोय.”

“कितवी?”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी ब्रेकव्हॅनपासून मनात मोजत आलो होतो, तशी सवयच असते. “गार्डकडून साधारण विसावी,” मी म्हणालो, “आपल्या अंगाला.”

“गार्डकडून विसावी, तुमची उजवी बाजू. थांबा लगेच.”

“थांबतो.”

हे सगळं बोलणं अर्ध्या मिनिटाचंही नसेल. समोरासमोरच्या गाडीत हे दिसलंच नसतं. स्टेशनात उभ्या गाडीतून दिसतं, पण तिथं जाणारी गाडी भर्रकन निघून जाते, माणूस ‘काहीतरी होतं’ एवढंच म्हणतो. गेटमन बघतो, गँगमन बघतो, स्टेशनचा माणूस झेंडी घेऊन बघतो, वळणावर गार्ड आणि आम्ही बाहेर डोकावून बघतो. सगळ्यांच्या वाट्याला एकेक क्षण येतो. जोडीनं पळणाऱ्या गाडीतून मात्र दुसऱ्या गाडीचं चाकन् चाक सावकाश तपासता येतं, तेही चालू गाडीचं. पोरांना जी मजा वाटत होती आणि मला जो धूर सापडला, ते दोन्ही एकाच गोष्टीनं: ती गाडी आमच्यासाठी उभी राहिली होती.

तिनं ब्रेक लावले तशी ती भराभर मागं पडायला लागली. तिचं इंजिन आमच्या बरोबरीनं आलं तेव्हा खिडकीत तिचा असिस्टंट बसलेला दिसला, माझ्याच वयाचा, पूर्णेचा. त्यानं हात वर केला. मामांनी स्टेशन मास्तरला कळवून टाकलं. पुढं परळीची लाइन डावीकडं वळली आणि आम्ही आमच्या वाटेला लागलो.

तो असिस्टंट पुढं रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या जागी, भेटला. भलताच चिडलेला, म्हणजे खोटं खोटं. इंजिनापासून त्या वाघिणीपर्यंत चारशे मीटर खडीवरून चालत जायचं, तेही त्या उन्हात. त्यानं त्या वाघिणीच्या ब्रेकचा कॉक बंद केला, हवा सोडायचा रिलीज ओढला, हवा सुटली, ब्लॉक मोकळे झाले. गार्ड म्हणाला, पाणी ओतू का? यानं अडवलं, तापल्या चाकावर पाणी पडलं तर तडा जायचा. चाक आपसूक निवेपर्यंत दोघं तिथंच उन्हात उभे. मग परत तेवढंच चालत इंजिनात.

“तुला खिडकीतून मजा बघायला मिळाली,” तो म्हणाला, “अन् पाय माझे भाजले. तुमच्या गाडीत एक मावशी दारात बसून भाकरी खात होत्या. शेजारून जाताना त्यांनी माझ्याकडं बघून हातानं विचारलं, जेवता का म्हणून. डबा माझा तसाच राहिला होता, अन् तेवढ्यात पायलट म्हणाला, उतर खाली.”