ऑल टाइम टेस्ट टीम, पण यावेळी अकराव्या नंबरपासून

शाळेत असल्यापासून वहीच्या शेवटच्या पानावर ऑल टाइम टेस्ट टीम लिहायची सवय आहे आणि दरवेळी माझा एकाच ठिकाणी घोळ होतो. वरून सुरुवात केली की आधी दोन ओपनर, मग ब्रॅडमन, मग सचिन, लारा, रिचर्ड्स, सोबर्स, हॅमंड, कॅलिस असं लिहीत सुटतो आणि मग लक्षात येतं की जागा तीन-चारच उरल्यात आणि बॉलर तर अजून सगळेच बाहेर उभे आहेत. मग जे सुचतील ते चार कोंबायचे आणि वही बंद करायची. पण टेस्ट जिंकायची तर समोरच्यांच्या वीस विकेट काढाव्या लागतात ना, सातशे रन करूनसुद्धा मॅच ड्रॉ होते. म्हणून यावेळी पान उलटं भरलं. आधी अकरावा, मग दहावा, असं वर वर. आणि खरं सांगतो, टीम बरीच बदलली.

नियम दोनच ठेवले. जो अजून खेळतोय तो घ्यायचा नाही, त्यामुळे बुमराह नाही (२०० विकेट झाल्या तेव्हा त्याचं ॲव्हरेज, म्हणजे एका विकेटमागे दिलेले रन, विशीच्या आत होतं, असं त्याच्या आधी कुणालाच जमलेलं नव्हतं, पण त्याचं करिअर पूर्ण होऊ दे). दुसरा नियम असा की पिच कुठलं असेल ते आधी माहीत नाही असं धरून चालायचं, हिरवं असेल, धुळीचं असेल, पाटा असेल. आणि मग खालून वर जाताना सापडलेली गोष्ट, जी आधी कधी डोक्यात आली नव्हती, ती म्हणजे बॉलर ठरले की बॅट्समन निवडायला एक कसोटी आपोआप मिळते. याने आपल्याच या बॉलरसमोर रन केलेत का?

अकरावा ऑस्ट्रेलियाचा फास्ट बॉलर ग्लेन मॅकग्रा. ५६३ विकेट, ॲव्हरेज २१.६४. त्याच्याकडे तुफान स्पीड नव्हता, हातभर स्विंगही नव्हता, फक्त ऑफ स्टंपच्या जरा बाहेर तोच टप्पा आणि उंचीमुळे मिळणारी उसळी, तेच तेच दिवसभर. लोक म्हणतात बोअरिंग, मला त्यातच मजा यायची, बॅट्समन हळूहळू कसा अडकत जातो ते दिसायचं. आणि भारतात, जिथे फास्ट बॉलर येऊन घाम गाळून परत जातात, तिथे ८ टेस्टमध्ये ३३ विकेट २१ च्या ॲव्हरेजने. पिचच्या नियमात पास. याच नियमात ऑस्ट्रेलियाचाच फास्ट बॉलर डेनिस लिली अडकतो. लिलीची ॲक्शन, लिलीचा राग सगळं मान्य, पण १९८० ला पाकिस्तानात तीन टेस्टमध्ये त्याला तीनच विकेट मिळाल्या.

नववा माल्कम मार्शल, इथे मला एक मिनिटही विचार करावा लागला नाही. ३७६ विकेट, ॲव्हरेज २०.९४. बाकीचे वेस्ट इंडियन ताडमाड उंच आणि हा सहा फुटाला जरा कमीच, पण बॉल टप्पा पडल्यावर अंगावर घसरत यायचा. १९८३-८४ ला भारतात ६ टेस्टमध्ये ३३ विकेट, त्याही आपल्या पिचवर. पण मार्शल म्हटलं की मला १९८४ चं हेडिंग्ले आठवतं. डाव्या हाताचा अंगठा फ्रॅक्चर, हाताला प्लॅस्टर, तरी टीममधल्या गोम्सची सेंच्युरी व्हावी म्हणून हा एका हाताने बॅटिंगला आला, आणि मग त्याच प्लॅस्टरसकट बॉलिंग टाकून ५३ रनमध्ये ७ विकेट. अशा माणसाला टीमबाहेर ठेवून आपण काय निवडणार.

आता दहावा. स्पिनर हवा, ऑस्ट्रेलियाचा शेन वॉर्न की श्रीलंकेचा मुरलीधरन, म्हणजे मुरली. यावर मी तीनदा मत बदललंय आणि याच्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. १९९३ चा वॉर्नने इंग्लंडच्या गॅटिंगला टाकलेला, लेगबाहेर पडून ऑफ स्टंप उडवणारा तो बॉल मी इतक्यांदा पाहिलाय तरी अजून अंगावर काटा येतो. २००६ चं ॲडलेड घ्या, इंग्लंडने ५५१ वर डाव सोडला होता, शेवटच्या दिवशी सकाळी १ बाद ६९ होते, मॅच ड्रॉच होणार हे सगळे धरून चाललेले, आणि वॉर्नने पीटरसनला पायामागून बोल्ड काढला आणि १२९ ला सगळे ऑलआउट. वरून ७०८ विकेट, तीन हजारांवर रन, स्लिपमध्ये पक्के हात. असं असताना मुरली का? तर माझ्या टीममध्ये तीन फास्ट बॉलर आलटून पालटून एका एंडकडून येणार आहेत, दुसरा एंड दिवसभर एकाने धरून ठेवायचाय, आणि हे काम मुरलीने अख्खं करिअर केलं. १९९८ च्या ओव्हल टेस्टमध्ये त्याने दोन डावांत मिळून ११३.५ ओव्हर टाकल्या आणि १६ विकेट घेतल्या. एक टेस्ट, ११३ ओव्हर! दुसऱ्या बाजूला मॅकग्रा सोडा, बहुतेक वेळा त्याच्या दर्जाचं कुणीच नव्हतं. ८०० विकेट १३३ टेस्टमध्ये, डावात पाच विकेट ६७ वेळा, वॉर्नचं हेच ३७ वेळा. झिंबाब्वे-बांगलादेशच्या विकेट मुरलीला खूप मिळाल्या हे खरंय. ऑस्ट्रेलियात त्याचं काहीच चाललं नाही हेही खरंय, आणि भारतात ४५ चं ॲव्हरेज, पण भारतात वॉर्नचंही ४३ च आहे, म्हणजे तिथे दोघंही सारखेच. मुरलीच्या ॲक्शनचा वाद मी धरत नाही, तपासण्या झाल्या, कोपर १५ डिग्रीपर्यंत सरळ होण्याची सूट देणारा नियम सगळ्यांना सारखा झाला, विषय संपला. वॉर्न बारावा. लिहिताना वाईट वाटलं.

आठव्या नंबरवर तिसरा फास्ट बॉलर हवा जो बॅटिंगही करेल. न्यूझीलंडचा हॅडली, पाकिस्तानचे अक्रम आणि इम्रान. हॅडलीच्या १९८५ च्या ब्रिस्बेनमधल्या ५२ रनमध्ये ९ विकेट कुणी विसरेल का, आणि अक्रमचा डावखुरा अँगल तर हवाच वाटतो, पण डावखुरा बॉलर पुढे सोबर्सच्या रूपाने येणारच आहे. म्हणून इम्रान. आणि कॅप्टनही तोच. कॅप्टन म्हणून त्याचे आकडे बघा, बॅटिंग ॲव्हरेज ५२.३४ आणि बॉलिंग २०.२६, कॅप्टन झाल्यावर माणूस आणखी मोठा झाला, बहुतेकांचं उलट होतं. त्याहून महत्त्वाचं मला हे वाटतं की ज्या काळात वेस्ट इंडिज सिरीज हरतच नव्हते, १९८० पासून १९९५ पर्यंत एकही नाही, त्या काळात इम्रानच्या पाकिस्तानने त्यांना तीन वेळा १-१ वर रोखलं, त्यातली एक सिरीज त्यांच्या घरात जाऊन. ब्रॅडमन टीममध्ये असताना दुसऱ्याला कॅप्टन करणं काहींना पटणार नाही, पण ब्रॅडमनने नुसती बॅटिंग करावी.

सातवा गिलख्रिस्ट. संगकाराचं १२४०० रन आणि ५७ चं ॲव्हरेज बघून मोह होतो, तो मुरलीला वर्षानुवर्षं कीपिंग करून बसलाय हा पण मोठा मुद्दा, पण कीपिंग करताना त्याचं ॲव्हरेज चाळीसच्या आसपास होतं. गिलख्रिस्टने ४७ च्या वर ॲव्हरेज ठेवलं ते कीपिंग करत, आणि ८२ च्या स्ट्राइक रेटने.

सहावा सोबर्स यावर बोलायची गरज नाही. बरं थोडं बोलतोच, १९६६ ची इंग्लंडमधली सिरीज, पाच टेस्ट, ७२२ रन, २० विकेट, १० कॅच, आणि कॅप्टनही हाच. फास्ट टाकायचा, स्पिन टाकायचा, चायनामन (डावखुऱ्याचा मनगटी स्पिन) टाकायचा. पिच माहीत नसेल तर असा माणूस म्हणजे तीन बॉलर एकाच जागेत.

पाचव्या नंबरला माझी ती कसोटी खऱ्या अर्थाने कामाला आली. आधी मी इथे न चुकता वेस्ट इंडिजचा रिचर्ड्स लिहायचो. हेल्मेट नाही, च्युइंगगम चघळत चालत येणं, १९७६ या एका वर्षात १७१० रन, बॉलरलाच घाम फुटायचा. पण मग विचारलं, माझ्या बॉलरना कुणी खेळून काढलंय? तर लारा. मॅकग्रासमोर १९९९ च्या ब्रिजटाउनला ३०८ चं टार्गेट, शेवटी वॉल्श सोबत, नाबाद १५३, एका विकेटने जिंकले. मॅकग्राने त्या डावात पाच विकेट काढल्या होत्या, म्हणजे तो फॉर्मात नव्हता वगैरे काही नाही. आणि मुरलीसमोर, श्रीलंकेत जाऊन, २००१ ला तीन टेस्टमध्ये ६८८ रन. वेस्ट इंडिज ती सिरीज ३-० हरले, बाकीच्यांना मुरली कळतच नव्हता आणि हा त्याला पुढे येऊन खेळत होता. मी तर म्हणेन स्पिनसमोर यापेक्षा भारी बॅटिंग मी पाहिलीच नाही. रिचर्ड्सला आपल्याच टीमचे ते चार फास्ट बॉलर टेस्टमध्ये कधी खेळावे लागले नाहीत, यात त्याचा दोष काहीच नाही, पण जागा एकच आहे.

चौथा सचिन. आपला म्हणून घेतला असं म्हणणारे म्हणतील. सोळाव्या वर्षी इम्रान, अक्रम, वकार समोर कराचीत पदार्पण, अठराव्या वर्षी पर्थला ११४, १९९८ ला चेन्नईत वॉर्नसमोर नाबाद १५५, १९९९ ला मेलबर्नला मॅकग्रा-वॉर्न-ली समोर ११६ आणि मग वयाच्या सदतिसाव्या वर्षी केपटाउनला स्टेन आग ओकत असताना १४६. पहिल्या आणि शेवटच्या उदाहरणात एकवीस वर्षांचं अंतर आहे, मधे बॉलरच्या दोन पिढ्या रिटायर झाल्या. माझी कसोटी इतक्या वेगवेगळ्या बॉलरसमोर, इतक्या वेगवेगळ्या देशांत दुसरा कुणी पास झालेला मला तरी दिसत नाही.

तिसरा ब्रॅडमन. मॅकग्रा आणि मुरलीसमोर तो खेळलाच नाही मग तपासायचं कसं? तर त्याला थांबवायला १९३२-३३ ला इंग्लंडने बॉडीलाइन काढलं, अंगावर बॉल आणि लेगला फिल्डरची भिंत, नंतर त्याच्याविरुद्ध नियम करावा लागला. त्या सिरीजमध्ये त्याचं ॲव्हरेज ५६.५७. म्हणजे ज्या सिरीजला तो फेल गेला म्हणतात ती बहुतेक महान बॅट्समनच्या अख्ख्या करिअरपेक्षा वरची. त्याच्या करिअरच्या ९९.९४ ॲव्हरेजवर आणखी काही लिहीत नाही.

आता ओपनर. गावसकर कसोटीत सरळ पास होतो, आणि ते १३ सेंच्युरी वेस्ट इंडिजविरुद्ध हे वाक्य फेकून नाही, कारण १९७१ ला त्यांचा चार फास्ट बॉलरचा तो ताफा अजून तयारच झाला नव्हता आणि १९७८-७९ ला केरी पॅकरच्या बंडखोर लीगकडे गेल्यामुळे त्यांचे मेन बॉलर नव्हतेच, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. मी बघतो ते १९८३ चं फैसलाबाद. इम्रानने त्या सिरीजमध्ये ४० विकेट काढल्या, १४ च्या ॲव्हरेजने, फैसलाबादला ११ विकेट घेऊन सेंच्युरीही ठोकली, आणि त्याच मॅचमध्ये गावसकर ओपनिंगला येऊन शेवटपर्यंत नाबाद १२७. बाकी दहाच्या दहा गेले, हा उभाच. त्याच वर्षी शेवटी चेन्नईत चौथ्या नंबरवर उतरला, पण उतरला तेव्हा २ बाद ० होते, दोन्ही विकेट मार्शलच्या. नाबाद २३६. इम्रान आणि मार्शल दोघंही माझ्या टीममध्ये, आणि दोघांना सनीने असं खेळून काढलंय.

आणि त्याच्या जोडीला? इथे मी दोन दिवस अडकलो. इंग्लंडचे दोन ओपनर, हॉब्ज की हटन. दोघंही माझ्या बॉलरच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे त्यांच्या काळातलं सगळ्यात अवघड काय होतं ते बघावं लागतं, आणि ते म्हणजे उघडं पिच. पाऊस पडला की पिच झाकायचे नाहीत, ऊन आलं की त्यावर बॉल एकदा उसळतो, एकदा हातभर वळतो. १९२६ ची ओव्हल टेस्ट, ॲशेसचा निकाल तिथेच लागायचा होता, रात्री पावसाने भिजलेलं पिच, आणि हॉब्ज-सटक्लिफची १७२ ची ओपनिंग. हॉब्ज १००, वय ४३. तीन वर्षांनी मेलबर्नला शेवटची टेस्ट सेंच्युरी, वय ४६. मधे पहिल्या महायुद्धात बरीच वर्षं टेस्टच नव्हत्या, नाहीतर आकडे कुठे गेले असते. हटनचंही युद्धात नुकसान झालं, आणि जास्तच, एका डावात ३६४ करून ऐन बहरात असताना ट्रेनिंगमध्ये हाताचा अपघात झाला आणि डावा हात कायमचा आखूड झाला, तसल्या हाताने पुन्हा येऊन त्याने करिअरचं ॲव्हरेज ५६.६७ ठेवलं.

पान भरलं, हॉब्ज लिहिलं शाईने. हटनचं नाव शेजारी पेन्सिलने आहे, खोडरबर हातात घेऊन दोनदा बसलो, खोडलं नाही.