तिसऱ्या माणसाचा तास

ओंटारिओतल्या एका विद्यापीठात मी प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान शिकवते. गेल्या हिवाळ्यात प्लेटोचा ‘पार्मेनिडीज’ हा संवाद लावला होता आणि त्या दिवशी ‘तिसऱ्या माणसाचा युक्तिवाद’ घ्यायचा होता. अनेक मोठ्या वस्तू पाहून आपण ‘मोठेपणा’ हे एक तत्त्व मानतो. मग त्या वस्तू आणि तो मोठेपणा यांच्याकडे एकत्र पाहिले, की त्या सर्वांना मोठे ठरवणारा दुसरा मोठेपणा मानावा लागतो, त्यानंतर तिसरा, आणि आपल्या न्यायशास्त्रात जिला अनवस्था म्हणतात तीच, म्हणजे कधीच न संपणारी मालिका, इथे ओढवते. ‘मोठेपणा’च्या जागी ‘माणूस’ घेतला, की असाच ‘तिसरा माणूस’ मानावा लागतो, म्हणून हे नाव.

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक ग्रेगरी व्लास्तोस यांनी 1954 सालच्या एका लेखात दाखवून दिले, की या युक्तिवादात न सांगितलेली दोन गृहीतके दडलेली आहेत: मोठेपणा स्वतः मोठा असतो, आणि जे मोठे असते ते ज्या तत्त्वामुळे मोठे ठरते त्याहून वेगळे असते. एका विद्यार्थिनीने फळ्यावर ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली, दुसऱ्या वाक्यातील ‘जे’च्या जागी ‘मोठेपणा’ घातला, आणि खाली उतरले ते असे: मोठेपणा स्वतःहून वेगळा आहे. तिने विचारले, “विसंगती इथेच हाती लागते, तर प्लेटोने अनवस्थेपर्यंत जायचे कशाला?” तो लेख तिने वाचला नव्हता, तरीही व्लास्तोस यांच्या नेमक्या प्रश्नापाशी ती स्वतःच्या बळावर पोहोचली होती, आणि अध्यापकाच्या वाट्याला असे क्षण फार येत नाहीत.

व्लास्तोस यांचे उत्तर असे, की प्लेटोला ही गृहीतके स्पष्ट दिसलेली नव्हती; हा युक्तिवाद म्हणजे त्याच्या प्रामाणिक संभ्रमाची नोंद आहे. यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उसळून म्हणाला, “प्लेटोला कळले नाही, असे म्हणण्याचा अधिकार यांना कोणी दिला?”

तेव्हा मी संहिता बाजूला ठेवून व्लास्तोस यांच्याविषयीच बोलले. 1907 साली इस्तंबूलमध्ये जन्म, शिकागोत धर्मशास्त्राचे शिक्षण, हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांच्या हाताखाली डॉक्टरेट, 1931पासून आमच्याच प्रांतातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात अध्यापन, पुढे कॉर्नेल, प्रिन्स्टन आणि बर्कली. पण मला सांगायचे होते ते वेगळेच. 1950च्या दशकात त्यांनी सॉक्रेटिसवर एक ग्रंथ लिहून काढला, शांतपणे वाचला, तो कसाला उतरत नाही असे ठरवले आणि छापलाच नाही. सॉक्रेटिसवरचा त्यांचा ग्रंथ आला तो थेट 1991 साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी. तिसऱ्या माणसावरच्या लेखाला सेलर्स आणि गीच या तत्त्वज्ञांनी हरकती घेतल्या, तेव्हा 1969 साली त्यांनी तो विषय पुन्हा हाती घेऊन नव्याने मांडणी केली. टेरेन्स अर्विन हे तर त्यांचेच विद्यार्थी. सद्गुण हे सुखाचे केवळ साधन आहे, असे सॉक्रेटिसचे मत असल्याचे अर्विन यांनी मांडले, तेव्हा गुरूने 1978 साली ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये त्याचा प्रतिवाद केला आणि दोघांचा पत्रव्यवहार त्याच नियतकालिकात कित्येक महिने चालला. जो स्वतःच्या लेखनाला इतक्या कठोरपणे तपासतो, त्याला प्लेटोलाही तपासण्याचा अधिकार असतो, असे माझे मत आहे आणि ते मी वर्गात उघडपणे सांगितले.

त्या विद्यार्थ्याला ते पटले नाही. प्लेटोला विसंगती ठाऊक होती आणि ती शोधून काढण्याचे काम त्याने वाचकावर सोपवले, असा निबंध त्याने सत्राअखेरीस लिहिला. मी अजूनही व्लास्तोस यांच्याच बाजूची आहे. निबंधाच्या समासात माझ्या हरकती लिहिल्या, आणि वर्गातले सर्वाधिक गुण त्याला दिले.