माल वरूनच बंद झाला

एखादे खेळणे बाजारातून केव्हा बंद करायचे, हा निर्णय त्याच्याशी खेळणाऱ्याच्या हाती कधीच नसतो. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात नागपूरच्या इतवारीतून माल आणून तो ताडपत्रीवर मांडणारे एक दुकानदार आहेत. रोबोट होणारी निळी मोटार मागणाऱ्या पोराला ते एका वाक्यात वाटेला लावतात, “बाबू, तो माल वरूनच बंद झाला, आता हा हिरवा येऊन राह्यला.” मोटार तीच, खटकाही तोच, रंग तेवढा वेगळा. पोराचे तोंड मात्र पाहवत नाही, कारण निळी मोटार वाईट होती म्हणून गेली, असे त्याला कोणीच पटवून देऊ शकत नाही.

ती वाईट नसतेच. प्लास्टिकच्या खेळण्याचा सगळा हिशेब साच्यापासून सुरू होतो. पोलादी साचा घडवायला मोठी रक्कम लागते आणि ती हजारो नगांवर वाटली गेली तरच एकेक नग स्वस्त पडतो. त्यामुळे थोडाथोडा माल काढून तो वर्षानुवर्षे विकत बसणे कारखानदाराला परवडत नाही. खप बरा असला तरी तो पुढची मोठी खेप काढण्याइतका नसेल, तर खेळणे थांबते. त्यातून ते सिनेमाच्या नावावर चालणारे असेल, तर प्रत्येक नगामागे त्या नावाच्या मालकाला हिस्सा द्यावा लागतो, करार संपला की नाव परत जाते, आणि नावावाचून त्या बाहुल्याला कोणी विचारत नाही. अमेरिकेत 1977 साली ‘स्टार वॉर्स’ आला, तेव्हा केनर कंपनीचे त्यातल्या पात्रांचे बाहुले नाताळापर्यंत तयारच झाले नव्हते. तरी लोकांनी आत बाहुल्यांऐवजी ते मागाहून पाठवण्याचे हमीपत्र असलेली पुठ्ठ्याची पाकिटे विकत घेतली. इतकी मागणी असलेली ती मालिकासुद्धा तिसऱ्या सिनेमानंतर दोन वर्षांत, म्हणजे 1985 साली, गुंडाळावी लागली. उसन्या नावावर आलेले खेळणे लवकर जाते, असे माझे मत त्यामुळेच झाले आहे.

साचा मात्र नावापेक्षा चिवट असतो. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने ‘जी. आय. जो’चे बोटभर उंचीचे सैनिक 1982 साली आणले आणि 1994 साली ती मालिका अमेरिकेत थांबवली. पण आपल्याकडे फनस्कूल कंपनी ते सैनिक त्याच साच्यांतून त्यानंतरही काही वर्षे काढत राहिली. तिकडचा बंद माल इकडे नवा म्हणून खपला, आणि आमच्या भागातल्या तालुक्याच्या दुकानांपर्यंत पोहोचता पोहोचता तो आणखी जुना झाला असेल, तरी पोरांचे त्यावाचून काही अडले नाही.

एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा विकणाऱ्या लेगोची रीत याहून चतुर आहे. त्यांचे बहुतेक संच साधारण दोनेक वर्षांत बाजारातून काढून घेतले जातात, कारण फळीवरची जागा मोजकी असते आणि नवा डबा दिसल्यावाचून गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. परंतु 1958 सालची वीट आजच्या विटेत अजूनही घट्ट बसते. डबा बंद होतो, वीट होत नाही.

आमच्याकडे कोणी बंद करू शकत नाही असे एक खेळणे आहे, ते म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 साली सुरू केल्याचे सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चार चाकांवरचा नंदी दोरीने ओढत पोरे तोरणाखाली उभी राहतात आणि मग घरोघर बोजारा, म्हणजे नंदीच्या नावाने मिळणारी ओवाळणी, मागत फिरतात. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) या गावी तर भलेमोठे नंदी निघतात. गावचा सुतार नंदी करतो तेव्हा मी पाहत बसतो: वाकसाने ढोबळ आकार काढून झाला की वशिंडाच्या गोलाईवर त्याचा सर्वांत जास्त वेळ जातो, कान निराळे करून बसवले जातात, आणि शिंगांना बेगड अगदी शेवटी लागते. त्याच्याकडे साचा नाही, कोणाचे उसने नाव नाही, पडून राहिलेला साठा नाही. पोळा जवळ आला की लोक सांगतात आणि तो उंची तेवढी विचारतो. खरे तर धंदा म्हणून हा माल फारसा फायद्याचा नाही, कारण आजोबाचा नंदी माळ्यावरून उतरवून, रंग देऊन नातवाच्या हाती देणारी घरे पुष्कळ आहेत. पण ज्याच्यावर भांडवलच अडकलेले नाही, ते बंद करून सुताराचे वाचणार तरी काय?

गंमत अशी, की बंद पडत चालला आहे तो खरा बैल. ट्रॅक्टर आल्यापासून मोठ्या पोळ्याच्या रांगेतल्या जोड्या डोळ्यांदेखत कमी झाल्या, आणि तान्ह्या पोळ्याची रांग मात्र तशीच आहे. त्या दिवसांत ताडपत्रीवर प्लास्टिकचे ट्रॅक्टरही येतात आणि बरे खपतात. पण ट्रॅक्टर ओढत दारात आलेल्या पोराला बोजारा मिळेल की नाही, याची खात्री कोणालाच नसल्यामुळे त्या दिवसापुरता तरी आई-बाप नंदीच घेतात.