लेकीचा इसब आणि ओसरीतले फोटो

माझी मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांमागच्या लवणीत खाज सुरू झाली, तेव्हा चोपडा तालुक्यातील आमच्या गावात सगळ्यांनी ते गजकर्ण ठरवले आणि मेडिकलमधून आणलेली ट्यूब आम्ही पंधरा दिवस लावली. लावली की चट्टे दोन दिवसांत शांत दिसत, बंद केली की पहिल्यापेक्षा जास्त उसळत. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत तीव्र स्टिरॉइडही होते, हे मला जळगावला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर कळले.

पहिल्या भेटीच्या दिवशी नेमकी तिची त्वचा बरी होती. रात्री अडीच वाजता रक्त येईपर्यंत खाजवणारी पोर दवाखान्यात शांत बसली होती, आणि माझ्या मोबाइलमधले फोटो ट्यूबलाइटखाली, हलत्या हाताने काढलेले असल्यामुळे त्यांवरून काहीच ठरवता येईना. मॅडमनी न रागावता फोटो कसे काढायचे ते समजावले. सकाळी आठच्या सुमारास ओसरीत, थेट ऊन नसलेल्या उजेडात, फ्लॅश आणि चेहरा उजळवणारा फिल्टर बंद ठेवून, आधी पूर्ण हात आणि मग जवळून चट्टा असे दोन फोटो घ्यायचे. शेजारी पांढरा कागद आणि दहा रुपयांचे नाणे ठेवायचे. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असल्याने चट्टा वाढला की आटला हे मोजता येते, आणि कागदाच्या पांढरेपणावरून रंग खरा आहे की नाही ते कळते. हे फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एकही टाकला नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांनी डर्मोस्कोप, म्हणजे सुमारे दहापट मोठे दाखवणारे प्रकाशाचे भिंग, कोपराच्या लवणीवर टेकवले आणि पडद्यावर मलाही दाखवले. विखुरलेले बारीक लाल ठिपके, म्हणजे रक्तवाहिन्यांची टोके, आणि त्यांवर पिवळसर खपल्या होत्या. खरजेच्या किड्याची वाट कुठेच नव्हती. बुरशीची शंका राहू नये म्हणून त्यांनी त्वचेची खरवडही तपासली. निदान झाले : इसब.

मग आजाराची तीव्रता ठरवण्यासाठी स्कोरॅडचे गुण काढले. युरोपातील तज्ज्ञांनी १९९३ साली मांडलेल्या या पद्धतीत एकूण १०३ गुण असतात, आणि त्यांपैकी २० गुण खाज व झोपमोड यांचे, म्हणजे घरच्यांच्या सांगण्यावर. माझ्या जागरणांना त्या कागदावर जागा होती, याचे मला फार बरे वाटले. आमचे गुण ४७.५ भरले, म्हणजे मध्यम तीव्रता. फोटो पाहताना मॅडम एक गोष्ट वारंवार सांगत : आपल्या सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही, ती जांभळट किंवा काळपट दिसते, त्यामुळे फोटोत आजार सौम्य वाटू शकतो. कोरडेपणा आणि जाडसर झालेली कातडी त्यांनी बोटांनीच पारखली.

उपचार त्या मानाने साधे होते : कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, अंग ओलसर असतानाच भरपूर मलम, आणि सौम्य स्टिरॉइड त्यांनी मोजून दिले तेवढेच दिवस.

सहाव्या आठवड्यात चट्ट्यांच्या जागी पांढरट डाग दिसू लागले आणि सासूबाईंनी भीत भीत विचारले, ‘‘कोड तर नाही ना गं हे?’’ मी त्यांना ओसरीत बसवून पहिल्या आठवड्यापासूनचे फोटो एकापाठोपाठ एक दाखवले. प्रत्येक डाग जुन्या चट्ट्याच्या हद्दीतच होता, बाहेर एकही नव्हता. मॅडमनीही तेच सांगितले, की सूज ओसरल्यावर रंग काही काळ फिका पडतो आणि काही महिन्यांत परत येतो. सासूबाईंनी चष्मा लावून उजव्या कोपराचे दोन फोटो पुन्हा मागून घेतले, नाण्याशेजारी बोट ठेवून डाग ताडून पाहिला, आणि मगच नातीच्या हाताला मलम लावायला घेतले.