दोन फळ्या

रविवार, रात्री पावणेबारा

हसले मीच. कितीही फिरवून बघितलं तरी तेच. सगळे हसत असते तर त्यात खपून गेलं असतं, पण नेमकं तेव्हा सभागृह गप्प होतं.

व्याख्यान चीनमधल्या जुन्या राजपरीक्षांवर होतं. सागरच म्हणाला, चल, फुकट आहे, वर एसी. पहिला अर्धा तास मजेत गेला. नानजिंगचं परीक्षागृह दाखवलं. रांगांमागून रांगा, वीस हजारांवर कोठड्या, प्रत्येकीत दोन फळ्या. दिवसा एक बसायला, दुसरी लिहायला. रात्री वरची काढून खालच्या शेजारी सरकवली की झालं अंथरूण. तीन दिवस, दोन रात्री आतच, आणि अशा तीन फेऱ्या. मधेच कोणी मेला तरी दार उघडायचं नाही. प्रेत चटईत गुंडाळून भिंतीवरून बाहेर. कॉपीसाठी अंगरख्याच्या आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत आख्खे ग्रंथ उतरवलेले. त्या स्लाइडला सगळे हसले, सागरसुद्धा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून एकूण एक उत्तरपत्रिका लाल शाईने पुन्हा लिहून काढायचे, हे ऐकून तो माझ्या कानाशी म्हणाला, "चोख काम आहे."

मग आला पू सोंगलिंग. एकोणिसाव्या वर्षी पहिल्या पायरीवर पहिला. पुढची पायरी मात्र जन्मभर चढता आली नाही. भुतांच्या नि कोल्हिणींच्या गोष्टी लिहीत राहिला, मुलांना शिकवत राहिला आणि सत्तरी उलटल्यावर कुठे एक मानाची पदवी पदरात पडली. "वयाची अट नव्हती," वक्ते म्हणाले. आणि माझ्या नाकातून फुस्सकन हसू बाहेर आलं.

सागरने बघितलं नाही माझ्याकडे. पायाशी ठेवलेली सॅक उचलून मांडीवर घेतली, एवढंच.

कोणाला हसले मी? त्या म्हाताऱ्याला नक्कीच नाही. स्वतःला म्हणावं तर मी तीन वर्षांपूर्वीच स्पर्धा परीक्षांतून सुटलेय. पण मग हे सुटलेल्याचं हसू झालं, आणि तेच जास्त वाईट. सहा वर्षं मीही एका केबिनमध्ये काढली आहेत, डोक्यावर ट्यूबलाइट, समोर नकाशा. आई त्या शेवटच्या निकालाला काय म्हणाली होती... जाऊ दे.

नंतर होंग शिउच्युआन. नापास झाला आणि तापाने फणफणला. तापात त्याला दृष्टान्त झाला, पुढे तो स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवू लागला. १८५० च्या सुमारास त्याने पेटवलेलं बंड १८६४ पर्यंत चाललं, माणसं मेली दोन कोटींच्या घरात. मी नापास झाल्यावर फक्त केस कापले होते. म्हणजे तशी निरुपद्रवीच मी. शिवाय तिथे बायकांना परीक्षेला बसूच देत नसत, तेराशे वर्षं. नापास व्हायचीसुद्धा सोय नाही! आपल्याकडे एमपीएससीत खुल्या गटाला वयाची ३८ ची अट आहे, तिला आम्ही किती शिव्या घातल्या असतील. आज वाटलं, बिचारी, कोणीतरी हाताला धरून उठवतंय.

हे सागरला सांगण्यासारखं नाही.

१९०५ मध्ये एका फर्मानाने त्या परीक्षा कायमच्या बंद झाल्या. त्या वर्षी तयारी करत बसलेल्यांनी काय केलं, हे मला विचारायचं होतं. पण प्रश्नोत्तरांत नेहमीप्रमाणे ६२ चं युद्ध आणि गलवान.

बाहेर टपरीवर सागरने एकच विचारलं. "त्या फळ्यांवर पाय सरळ होत असतील का गं?"

"नाही. मुटकुळं करून झोपायचे, म्हणाले ना ते."

त्याने टपरीच्या बाकावर वीत टाकली. एक, दोन, तीन, चार, आणि थोडं वर. "माझं टेबल याहून मोठं आहे," म्हणाला. मग घड्याळ बघितलं, चहा संपवला आणि अभ्यासिकेकडे निघाला.

दोन्ही चहांचे पैसे त्यानेच दिले. मी द्यायला हवे होते, हे आत्ता लक्षात येतंय.