"लिहून काढ, मन हलकं होईल" म्हणणाऱ्यांसाठी (माझा अनुभव)

नोकरी गेल्यावर मला सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला असेल तर या वाक्याचा. मेहुण्याने सांगितलं, व्हॉट्सअॅपवर सकाळी फुलांच्या फोटोवर आलं, रीलवाली बाई कॉफीचा मग हातात धरून तेच सांगतेय, मनातलं कागदावर उतरवा आणि बघा किती मोकळं वाटतं ते. मी उतरवलं. मोकळं वगैरे काही वाटलं नाही, उलट छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं, आणि हे असं होतं, ठरलेलं असतं, हे एकानेही सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

थोडक्यात पार्श्वभूमी. भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला होतो, बरीच वर्षं. एका दुपारी केबिनमध्ये बोलावलं, रिझाइन करा नाहीतर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल, संपलं. फुल अँड फायनल, पीएफ, रिलिव्हिंग लेटर हे सगळं रीतसर मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास, मुलगा बारावीला, फ्लॅटचे हप्ते चालू. झोप गेली. इंटरव्ह्यूला जायचो आणि "आधीची कंपनी का सोडली" विचारलं की मी सुरू व्हायचो. समोरचा घड्याळ बघायला लागला तरी माझं संपायचं नाही.

एका काउन्सेलरकडे गेलो, त्यांनी हे लिहिण्याचं नीट सांगितलं. जेम्स पेनेबेकर नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा पहिला अभ्यास १९८६ मध्ये छापून आला. कॉलेजच्या मुलांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायला लावलं, पुढच्या काही महिन्यांत त्या मुलांच्या डॉक्टरकडच्या चकरा कमी झाल्या. शुद्धलेखन नाही, व्याकरण नाही, हात थांबवायचा नाही, सुचलं नाही तर मागचंच वाक्य परत लिहायचं. घटना नुसती सांगायची नाही, त्या वेळी काय वाटलं आणि आता काय वाटतंय तेही लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. इतकं सोपं.

आता अडलं कुठे ते सांगतो.

पहिली अडचण जागेची. वन बीएचके, हॉलमध्ये आई टीव्ही बघणार, बेडरूममध्ये मुलगा अभ्यासाला. मी वही घेऊन बसलो की आई विचारणार, कसला फॉर्म भरतोयस रे? शेवटी घराजवळच्या अभ्यासिकेत महिन्याची फी भरून खुर्ची घेतली, सगळी एमपीएससीची पोरं. शेजारच्या मुलाने हळूच विचारलं, "काका, तुम्ही कुठली एक्झाम देताय?" मी म्हटलं, खात्यांतर्गत आहे. त्याने मान डोलावली आणि परत कधी विचारलं नाही. (ज्यांच्या घरी जागा नाही त्यांना अभ्यासिका खरंच सुचवेन, तिथे कुणी कुणाच्या वहीत डोकावत नाही आणि पंखा चांगला असतो.)

दुसरी अडचण माझ्या हाताची. इतकी वर्षं कस्टमर कंप्लेंटला उत्तरं लिहिली, तर लिहायला बसलो की एट-डी रिपोर्टच (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा कंपन्यांतला ठरलेला फॉर्म) तयार व्हायचा. प्रॉब्लेम काय, कधी लक्षात आला, तात्पुरता उपाय काय, रूट कॉज काय. अक्षरशः रकाने आखले होते मी. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात एचआरवाल्याचं नाव आणि खाली दोनदा रेघ. वाचायला एकदम मुद्देसूद, ऑडिटला चाललं असतं, पण त्यात मला काय वाटलं हे एका ओळीतही नाही. काउन्सेलर म्हणाले की हे काही तुमचं एकट्याचं नाही, खूप पुरुष पहिल्यांदा तक्रार अर्जच लिहून आणतात.

रकाने बंद केले. मग राग आला तो असा आला की पेनाने कागद फाटायचा. पानंच्या पानं. आणि लिहून उठलो की हात थरथरतायत, घरी जाऊन जेवण नको, मुलगा टीव्हीचा आवाज कमी कर म्हणाला तरी त्याच्यावर खेकसायचो. बायको म्हणाली, "अहो, आधी निदान जेवत तरी होतात. ते लिहिणं बंद करा बघू." मलाही तेच वाटलं. फोन करून काउन्सेलरना जरा चिडूनच विचारलं, की हे कसलं औषध जे घेतल्यावर ताप वाढतो? तेव्हा त्यांनी सांगितलं, की १९८६ च्या त्याच अभ्यासात लिहून झाल्या झाल्या मुलांचं मन जास्त खट्टू होतं आणि ब्लड प्रेशरही वाढलेलं होतं, फायदा दिसला तो पुढे काही महिन्यांनी. म्हणजे हे पहिल्यापासून माहिती आहे! मग ती रीलवाली बाई का सांगत नाही? मला आधी कळलं असतं तर मी लिहिण्याची वेळ तरी बदलली असती. बदलली नंतर. रात्री झोपायच्या आधी अजिबात लिहू नका, संध्याकाळी लिहा आणि मग अर्धा-पाऊण तास चालून या, घरात पाऊल टाकायच्या आधी.

आणि तिसरं, जे खरं अडकणं. राग लिहून संपेना. चारच दिवसांचं प्रकरण, पण मी पुढे तेच चालू ठेवलं, आणि मागची पानं वाचली तर प्रत्येक दिवशी तेच पान. त्यांनी असं केलं, त्यांनी तसं केलं, इतकी वर्षं दिली आणि त्यांनी. याला लिहिणं म्हणत नाहीत, नुसता रवंथ. काउन्सेलरनी एकच प्रश्न विचारला, "केबिनमधून बाहेर आल्यावर काय झालं?" मी म्हटलं काही नाही, बॅग घेतली आणि निघालो. ते म्हणाले, मग ते लिहा.

ते लिहायला बसलो आणि पेन हलेना. कारण बाहेर आलो तेव्हा माझ्या टेबलाच्या बाजूला तो पोरगा बसला होता ज्याला मी व्हर्निअर (मोजमापाचं साधन) धरण्यापासून शिकवलं, माझ्या गाडीवर मागे बसून यायचा, त्याने मान वर केली नाही. रिपोर्ट भरत राहिला. आणि तो कोरा फॉर्मॅट होता, त्यात भरायला काहीच नव्हतं, हे मला दिसलं होतं. एचआर, मॅनेजमेंट, मंदी हे सगळं खरं, पण घशात अडकलेलं होतं ते हे. त्या दिवशी अभ्यासिकेत रडलो, शेजारच्याने पाण्याची बाटली सरकवली, त्याला वाटलं असेल काकांचा रिझल्ट लागला.

पुढच्या वेळी काउन्सेलर म्हणाले आता तेच त्या पोराच्या बाजूने लिहा, 'मी' म्हणून. मला आधी पटलं नाही. पण लिहिलं. मी बसलोय, सर बाहेर आलेत, माझा होम लोन चालू झालाय, बायकोला सातवा महिना, वर बघितलं तर सरांना काय बोलू. लिहिता लिहिता माझाच राग ढिला पडत गेला, पूर्ण गेला नाही, अजूनही नाही.

पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९४ चा एक अभ्यास नेमका आमच्यासारख्यांवरच आहे, कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतून काढलेल्या अनुभवी लोकांवर. काही महिन्यांनी लिहिणाऱ्या गटात नोकरी लागलेले स्पष्टपणे जास्त होते, आणि गंमत म्हणजे त्यांनी जास्त इंटरव्ह्यू दिले होते असंही नाही. मला त्याचा अर्थ लगेच कळला. इंटरव्ह्यूत तो प्रश्न परत आला तेव्हा मी म्हटलं, "कॉस्ट कटिंगमध्ये माझी पोस्ट गेली. वाईट वाटलं, पण तिथे शिकायला खूप मिळालं," आणि गप्प बसलो. समोरचा पुढच्या प्रश्नावर गेला.

नोकरी मात्र लिहिण्यामुळे लागली असं म्हणणार नाही, चाकणला एका जुन्या सप्लायरच्या ओळखीने लागली. आणि फायदा सगळ्यांना सारखा होत नाही, २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र करून बघितले तर सरासरी परिणाम आहे पण लहान आहे. तेव्हा कुणाला नाही जमलं तर त्याने स्वतःला दोष देत बसू नये.

राहिलेलं, आठवेल तसं. फोनवर टाइप केलं तरी चालतं पण मला मध्येच नोकरी डॉट कॉमचे नोटिफिकेशन यायचे. वही घरात ठेवायची नसेल तर पानं फाडून टाका, मी शंभर पानी स्वस्तातली घेतली होती ती फाडतानाही जिवावर येत नाही. घटना अगदी ताजी असेल, मयत वगैरे, तर लगेच बसू नका. लिहिताना सहन होत नाहीये असं वाटलं की विषय बदला किंवा थांबा, हा नियम पेनेबेकरांचाच आहे. आणि जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवून १४४१६ ला फोन लावा, टेली मानसची सरकारी लाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.